भावावर केस आहे, कामावर कोण घेणार?

मिरज तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: "धाकटा भाऊ आयटीआय फिटर आहे. २०१९ मध्ये गावात बांधावरून भांडण झालं, फिर्यादीत त्याचंही नाव घातलं. कलम ३२४ (हत्याराने दुखापत), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (चिथावणीसाठी अपमान), ३४ (सगळ्यांनी मिळून केलेलं). केस अजून चालू आहे. कुपवाडला तीन कारखान्यांत निवड झाली, आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद गेल्यावर तिन्हीकडून नकार आला. आता काय करावं? आणि आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या मालकांना याबद्दल काही सांगता येईल का?"

आधी माझी बाजू सांगतो. मी २६ वर्षं पर्सोनेलमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या कामगार भरतीच्या विभागात काढली, पहिली काही साताऱ्यात आणि नंतरची कुपवाडला. म्हणजे तुमच्या भावाला ज्यांनी परत पाठवलं, त्यांच्याच खुर्चीत मी बसायचो. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षं खुर्चीच्या अलीकडे बसतो. केस असलेली, शिक्षा भोगून आलेली माणसं घेऊन कारखान्यांच्या दारात जातो. काही लागतात, काही लागत नाहीत.

तुमच्या भावाला शिक्षा झालेली नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या प्रश्नाच्या सुरातच ते विसरल्यासारखं वाटतं. त्याच्यावर आरोप आहे. एफआयआर, दोषारोपपत्र आणि शिक्षा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे तिन्हीला मिळून एकच शब्द आहे: "केस". नोकऱ्या शिक्षेमुळे जातात त्यापेक्षा या गोंधळामुळे जास्त जातात, असं माझं मत आहे. मालकाला कळत नाही, पर्सोनेलवाल्याला कळायला वेळ नसतो, आणि ज्याच्यावर केस आहे त्यालाच आपली केस नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही.

माझ्या हातून झालेलं सांगतो. साताऱ्यात असताना कराडकडचा एक टर्नर निवडला होता. हात चांगला होता, मायक्रोमीटर धरण्यावरूनच कळत होतं. पोलिसांचा अहवाल आला, त्यात एक ओळ: "सदर इसमाविरुद्ध गुन्हा दाखल आहे." मी फाइल बाजूला ठेवली आणि यादीतला पुढचा मुलगा घेतला. दोनेक वर्षांनी तो कराडच्या एसटी स्टँडवर भेटला. पाकिटातून घडी पडून मऊ झालेला कागद काढला. त्या गुन्ह्यात पोलिसांनी स्वतःच 'ब' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल पाठवली होती आणि कोर्टाने ती मंजूर केली होती. म्हणजे फिर्यादच खोटी निघाली होती. अहवाल लिहिणाऱ्याने दाखल लिहिलं, पुढचं लिहिलं नाही. आणि मी विचारलं नाही. तो म्हणाला, "सायेब, माज्याकडं कागद हुता. तुमी इचारलंच न्हाई." त्यानंतर मी प्रत्येकाला विचारायला लागलो. पण त्याची नोकरी गेली ती गेलीच.

म्हणून पहिलं काम कागदाचं. भावाला सांगा, ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर केसचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख क्रमांक काढ. पुढची तारीख, टप्पा, कलमं सगळं दिसतं. हे तुम्हाला जसं दिसतं तसंच बॅकग्राउंड तपासणाऱ्या एजन्सीलाही दिसतं, आणि त्या बऱ्याचदा नुसतं नाव टाकून शोधतात. सांगली जिल्ह्यात एकाच नावाचे पाटील किती निघतील याचा अंदाज करा. दुसऱ्याची केस आपल्या माथी आल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि सीएनआर असलेला कागद आपणच पुढे केला की हा घोळ होत नाही.

मग त्या कागदावर काय आहे ते समजून घ्या. एनसी असेल तर ती अदखलपात्र तक्रार, पोलिसांनी कोर्टाच्या परवानगीशिवाय तपासही केलेला नसतो. चॅप्टर केस ही प्रतिबंधक कारवाई, यात्रा-निवडणुकीच्या आधी बॉण्ड लिहून घेतात ती. तो गुन्हाच नव्हे, पण व्हेरिफिकेशनच्या अहवालात ती ओळ येते आणि वाचणारा दचकतो. 'अ' समरी म्हणजे गुन्हा घडला पण आरोपी मिळाला नाही, 'ब' म्हणजे खोटी फिर्याद, 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. निर्दोष सुटला असेल तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल नक्कल विभागात अर्ज करून काढा, एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक अधीक्षक कार्यालयात द्या, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. निकाल लागला की ठाण्याच्या नोंदीत तो आपोआप चढतो असं समजून बसू नका.

इथे एक सापळा सांगायलाच हवा, कारण यात अडकलेली पोरं मी सर्वांत जास्त पाहिली. जुगार, दारूबंदी, किरकोळ अपघात अशा केसमध्ये कोणीतरी सल्ला देतं, "कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो." पोरगा पाचशे-हजार भरतो, त्याच दुपारी घरी येतो. त्याच्या दृष्टीने विषय संपला. पण गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं, दोषसिद्धी. तासगावकडचा एक मुलगा असाच पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडलेला. पुढे सरकारी भरतीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती खरी म्हणून लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, "कधी शिक्षा अथवा दंड झाला आहे काय?" या रकान्यात त्याने "नाही" लिहिलं, अगदी भाबडेपणाने. नेमणूक गेली ती जुगारामुळे नव्हे, त्या "नाही"मुळे. म्हणून कबुली द्यायच्या आधी वकिलाला एकच विचारा: याने माझ्या नावावर शिक्षा लागेल का? जिथे तडजोड होऊ शकते तिथे तडजोड करा, कारण कायद्याने तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो. दंडाचा तसा नसतो.

आता तुमच्या भावाची केस. ३२३ आणि ५०४ मध्ये खालच्या कोर्टात तडजोड होते. ३२४ मध्ये होत नाही, तिथेच तुमचं घोडं अडलेलं असणार. पण भांडण भाऊबंदकीचं आहे, सहा-सात वर्षं झाली आहेत, समोरचेही तारखांना कंटाळले असतील. त्यांची खरोखर संमती असेल तर दोघांनी मिळून उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. खाजगी स्वरूपाच्या वादात तडजोड झाली असेल तर तडजोडपात्र नसलेलं कलमही उच्च न्यायालय रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ज्ञानसिंग प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी यासाठी मुंबई गाठावी लागायची. राहण्याचा खर्च आणि बुडालेली हजेरी यातच माणूस गार व्हायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा-सांगली त्याच्याच हद्दीत येतात. मिरजेहून सकाळी निघून संध्याकाळी घरी. हा फरक आपल्या भागातल्या माणसासाठी किती मोठा आहे हे मुंबईत बसून कळणार नाही.

समोरचे ऐकत नसतील तर केस लवकर चालवून घ्या. तारीख पडली की बरं वाटणारे आरोपी मी पाहिले आहेत. नोकरी करायची असेल त्याला ते परवडत नाही. आणि समजा दोषी ठरलाच, तर शिक्षेच्या वेळी वकिलांनी १९५८ चा परिवीक्षा कायदा पुढे करायला हवा, म्हणजे प्रोबेशन. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे दुसऱ्या कुठल्या कायद्याने येणारी अपात्रता त्याला लागत नाही. आधीच नोकरीत असलेल्याची खात्याची चौकशी मात्र यामुळे टळत नाही, तेवढं वेगळं. पण पहिल्याच किरकोळ गुन्ह्यात प्रोबेशन मागितलंच गेलं नाही, अशी निकालपत्रं वाचून मला चरफडायला होतं. फुकटचं औषध दुकानात पडून आहे आणि कोणी मागत नाही.

भाऊ त्या वेळी १८ वर्षांखालचा होता का, हेही बघा. बालन्याय कायद्याच्या कलम २४ मध्ये अपात्रता लागू न होण्याची आणि ठराविक काळानंतर नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. १६ वर्षांवरच्या ज्या मुलांचा अतिगंभीर गुन्ह्याचा खटला बाल न्यायालयात चालून दोष ठरला, ती सोडून.

कारखान्यात तोंडी काय सांगायचं? इथे बहुतेक जण दोन टोकांना जातात. एक तर लपवतात, नाहीतर आत शिरल्या शिरल्या सगळं महाभारत सुरू करतात: चुलत्याने बांध कसा कोरला, ग्रामपंचायतीचं राजकारण कसं होतं. मालकाला त्यात रस नसतो. मागच्या वर्षी कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये मी अशाच एका मुलाला घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री त्याच्याकडून चार वाक्यं घोटून घेतली होती. मालकाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "केस काय आहे?" मुलगा म्हणाला, "२०२० ची मारामारीची केस आहे. मिरज कोर्टात चालू आहे, पुढची तारीख १४ ला आहे, त्या दिवशी अर्धी सुट्टी लागेल. शिक्षा झालेली नाही. कागद आणलेत." आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद टेबलावर ठेवले. मालकाने ते उघडलेही नाहीत. त्याने विचारलं, "तारखेला महिन्यातनं किती वेळा जावं लागतं?" त्याची खरी काळजी ती होती, खाडे पडतील का याची. दुसऱ्या सोमवारी मुलगा कामावर हजर.

तेव्हा भावालाही असंच सांगा: वर्ष, स्वरूप, आजची स्थिती, तारखांचा त्रास किती. बांधाचा इतिहास नको. आणि हे निवडीनंतर, पण कागद मागण्याच्या आधी सांगायचं. पोलिसांच्या अहवालातून कळलं तर ती लपवाछपवी ठरते, तुमच्या तोंडून कळलं तर ती माहिती ठरते.

सरकारी नोकरीचं गणित वेगळं. तिथे अवतार सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल पाया मानतात. थोडक्यात, विचारलेली माहिती खरी द्या. किरकोळ प्रलंबित केस खरी सांगितली असेल तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देण्याचा अधिकार नेमणाऱ्याला आहे. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी हक्काची होत नाही. फॉर्ममध्ये जे विचारलंच नाही ते न सांगणं ही मात्र लपवणूक नव्हे. पोलीस आणि सैन्यभरतीत याची धार फारच कडक. साताऱ्यात हे जास्त जाणवतं, पहाटे मैदानावर धावणारी पोरं तिथे गावोगाव आहेत. गावातल्या भांडणात फिर्याद लिहिताना समोरच्या घरातल्या भरतीच्या पोराचं नाव मुद्दाम घालायचं, तो तिथे नसला तरी, ही आपल्याकडची जुनी खोड. ते करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की काठीपेक्षा हा घाव खोल जातो. तुमच्या भावाचं नाव असंच आलं असेल तर मला नवल वाटणार नाही.

मालकांचं म्हणाल, तर भारतात खाजगी मालकाला "केस आहे म्हणून नाकारू नकोस" असं सांगणारा सर्वसाधारण कायदा नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे की ठराविक काळ लोटला की किरकोळ शिक्षा सरली असं धरायचं आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगायची गरज नाही. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून जे करायचं ते मालकाच्या मर्जीने, समजावून. पण याची दुसरी बाजूही आहे: सगळ्या कामगारांचं पोलीस व्हेरिफिकेशन करा असंही बहुतेक कारखान्यांना कुठलाच कायदा सांगत नाही. कोणीतरी एक फॉर्म बनवला, दुसऱ्याने तो झेरॉक्स केला, आणि मग ठेकेदाराच्या गेटपासलाही तो चिकटला. फिटरला, लोडिंगवाल्याला, कँटीनच्या पोराला एकच फॉर्म.

मी मालकांकडे तीनच गोष्टी मागतो. अर्जातून तो रकाना काढा आणि निवड झाल्यावर विचारा, म्हणजे आधी हात बघितला जाईल. "केस आहे का?" ऐवजी "शिक्षा झाली आहे का, कशात, कधी?" असं विचारा. आणि गुन्ह्याचा त्या कामाशी संबंध आहे का ते बघा. बांधावरच्या मारामारीचा बेंचवर्कशी काय संबंध? उलट बाजूही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. चोरीत शिक्षा झालेल्याला विट्याच्या गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्याकडे चिकटवा म्हणून मी कधी शब्द टाकणार नाही. दारू पिऊन गाडी ठोकलेल्याला लगेच ड्रायव्हर म्हणून नाही. असा शब्द टाकला तर पुढच्या दहा जणांचं दार बंद होतं. सिक्युरिटीचं काम तर सगळेच सुचवतात, "उभं राहायचं तर काम" म्हणून. पण खाजगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यात चारित्र्य आणि पूर्वेतिहास तपासणं बंधनकारकच आहे. तिथे वेळ घालवू नका.

गंमत म्हणजे याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवताना उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्यांनाच राखणीला ठेवलं होतं. आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बायकामुलं सोबत, शेती कसायची. मालक मंडळी "आपल्याकडे हे चालणार नाही" म्हणाली की मी एवढंच म्हणतो की आटपाडी आपल्याकडेच येते. कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगातल्या कैद्यांनी वळलेले अंबाबाईच्या प्रसादाचे लाडूही आपण भक्तिभावाने खाल्लेत.

कामावर घेतल्यानंतरचं मात्र कोणी बोलत नाही. माझा अनुभव असा की सुपरवायझरला माहीत असावं, कँटीनला नसावं. आणि परीक्षा पहिल्या महिन्यात होत नाही. ती होते ज्या दिवशी स्टोअरमधून तांब्याचं भंगार गायब होतं त्या दिवशी. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. अशा एका प्रसंगी मालकाने गेट रजिस्टर आधी तपासलं, माणूस नंतर. भंगार वजनात चुकलं होतं. तो गडी आजही तिथेच आहे. दुसऱ्या एका ठिकाणी आधी माणसाला केबिनमध्ये बोलावलं गेलं. तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही, पगारही मागायला आला नाही.

मोठी शिक्षा भोगून आलेल्यांची अडचण तर आणखी खालच्या पायरीवर सुरू होते. आधारला जुना मोबाइल नंबर, रेशनकार्डातून नाव कमी केलेलं, बँक खातं बंद, पीएफचा जुना नंबर कुठे ते ठाऊक नाही. आधी ही कागदपत्रं, मग नोकरी. जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याला भेटा, महिला व बालविकास खात्याच्या कार्यालयात. तिकडे फार कमी लोक जातात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. अजून आत असलेल्यांच्या घरच्यांसाठी राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' ही कर्ज योजना २०२२ मध्ये येरवड्यातून सुरू झाली, ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याजाने, कैद्याच्या तुरुंगातल्या कमाईवर.

पारधी वस्तीवरच्या पोरांबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच शिक्का मारला, १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण नाव-गाव ऐकून चौकीवर बसवून ठेवणं राहिलं. यांच्यावर कित्येकदा एकही शाबीत गुन्हा नसतो आणि तरी "रेकॉर्डवरचा" म्हणतात. तिथे मी पोलिसांचा कागद मागतच नाही. शाळेचा शिक्षक किंवा आधीचा मुकादम, जो फोनवर पाच मिनिटं बोलेल, असा माणूस शोधतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर या आठवड्यात सीएनआर काढा, दोषारोपपत्राची नक्कल घ्या आणि समोरच्या घरातल्या कुणा शहाण्या माणसाला चहाला बोलवा. वकिलाला आधी बोलवू नका, तो नंतर. भावाला म्हणावं, तीन नकार दिलेल्यांपैकी ज्याने सर्वांत जास्त वेळ मुलाखत घेतली त्याच्याकडे कागद घेऊन परत जा. पर्सोनेलला नको, थेट शॉप फ्लोअरच्या इन्चार्जकडे जा. फिटर कमी पडले की ओरड त्याचीच असते.